बोरिंग हेडला आर्बर जुळवताना: मशिनिस्ट ट्रेडमधून नुकत्याच बाहेर पडलेल्यांसाठी

मिलिंगवर बोरिंग हेड (भोक मापात मोठं करणारं टूल धरणारा भाग) लावायचं म्हणजे हेड आणि त्याला स्पिंडलशी जोडणारा आर्बर असे दोन वेगळे भाग जुळवायचे असतात, हे आयटीआयमध्ये नीटसं लक्षात येत नाही. तिथे हेड आणि आर्बर आधीच एकमेकांत घट्ट बसवून कपाटात ठेवलेले असतात. तुम्ही कुर्ल्याच्या किंवा साकीनाक्याच्या एखाद्या गाळ्यात कामाला लागता, मालक नवीन हेड आणायला पाठवतो, आणि नागदेवीच्या दुकानात उभं राहिल्यावर प्रश्न येतो: "आर्बर कुठला देऊ?" या प्रश्नाचं उत्तर देता यावं म्हणून हे लिहितोय. आमच्या धंद्यात या एका गोष्टीवर नव्या मुलांचा जेवढा वेळ आणि मालकाचा जेवढा पैसा वाया जातो, तेवढा जायचं खरं तर काही कारण नाही.

आर्बरच्या एका टोकाला टेपर, म्हणजे निमुळता भाग असतो, तो मशीनच्या स्पिंडलमध्ये बसतो. त्याच टोकाला आतून आटे असतात, ड्रॉबार (स्पिंडलमधून येऊन आर्बर ओढून धरणारा लांब बोल्ट) त्यात घट्ट होतो. दुसऱ्या टोकाला बाहेरून आटे असतात, त्यावर हेड चढतं. म्हणजे जुळवायच्या गोष्टी तीन झाल्या. आर-८ हा टेपरचा एक प्रकार; नुसतं "आर-८ चा आर्बर द्या" म्हटलंत तर तुम्ही त्यातली जेमतेम एक सांगितली.

हेडच्या बाजूचे आटे आधी घेऊ, कारण घोळ तिथेच जास्त होतो. अमेरिकेच्या क्रायटेरियन कंपनीच्या धर्तीवरची जी हेड बाजारात मिळतात, त्यांत दोन मापं सर्रास दिसतात. मोठ्या हेडला दीड इंच व्यास आणि इंचाला १८ आटे, लहानाला ७/८ इंच व्यास आणि इंचाला २० आटे. दोन्हींचा कोन ६० अंश. मिलिमीटरमध्ये मांडलं तर पहिलं ३८.१ व्यास आणि १.४११ पिच (दोन आट्यांमधलं अंतर), दुसरं २२.२२५ व्यास आणि १.२७ पिच. हे आकडे वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. पण हेडवर काय कोरलंय किंवा डब्यावर काय छापलंय यावर कधीच थांबू नका. स्वस्तातल्या हेडचा डबा एकाचा आणि माल दुसऱ्याचा असू शकतो. वापरलेलं हेड चोरबाजारातून किंवा दारूखान्याच्या भंगारातून आणलं असेल, तर त्याचा मूळ आर्बर कुठे गेला आणि मधल्या काळात कोणी त्यात कुठला टॅप मारला, हे सांगणारं कोणी नसतं.

मोजायचं कसं? आर्बरचे बाहेरचे आटे सोपे आहेत. व्हर्निअरने व्यास घ्या, मग पिच गेज लावून उजेडासमोर धरा. पण नुसत्या गेजवर भरवसा ठेवू नका. २० आट्यांचं पान १.२५ पिचच्या आट्यांवरही बसल्यासारखं दिसतं, कारण एका आट्यामागे फरक फक्त ०.०२ मिमी असतो. म्हणून एका शिखरापासून पुढच्या दहाव्या शिखरापर्यंतचं अंतर मोजा. इंचाला २० असतील तर १२.७ येईल, १.२५ पिच असेल तर १२.५. इंचाला १८ असतील तर १४.११, आणि दीड पिच असेल तर नेमके १५. इथे शंकेला जागाच राहत नाही. हेडच्या आतल्या आट्यांसाठी व्हर्निअरच्या वरच्या जबड्यांनी शिखरांमधला लहान व्यास घ्या: दीड इंच १८ असेल तर साधारण ३६.६, आणि ७/८ इंच २० असेल तर साधारण २०.९. पिच पाहायची तर मऊ लाकडाची पट्टी आत सरळ दाबून काढा, तिच्यावर उमटलेले ठसे मोजा.

दीड इंच १८ आणि एम-३८ बाय १.५ (म्हणजे मेट्रिक ३८ मिमी व्यास, दीड पिच) ही जोडी सर्वांत फसवी. व्यासात फरक फक्त ०.१ मिमी. हाताने फिरवलं तर एक-दोन फेरे छान जातं, मग जड होतं. नवीन मुलाला वाटतं, आटे नवे आहेत, थोडे कडक असणारच, आणि तो पाना लावतो. दर आट्याला जवळजवळ ०.०९ मिमी फरक साठत असतो. पाना लावला की पहिले आटे चिरडून हेड तिथेच धरतं. बरोबर जोडी असेल तर हेड खांद्याला, म्हणजे आट्यांच्या मुळाशी असलेल्या आर्बरच्या सपाट कडेला टेकेपर्यंत बोटांनी चढतं. मध्ये कुठेही जड झालं की थांबायचं, उलट फिरवून काढायचं आणि मोजायचं. मी हाताखालच्या मुलांना हेड बसवताना पाना हातात घेऊच देत नाही. हेड खांद्याला टेकल्याचं मला दाखवल्यावरच पाना मिळतो.

आता एक गोष्ट जी पुस्तकात क्वचितच सापडते. बहुतेकांना वाटतं की आटे थोडे सैल किंवा किंचित वाकडे असले की बोअरचं सेंटर चुकेल. तसं होत नाही. बोरिंग हेडमध्ये टूलचं टोक एकच असतं आणि ते स्पिंडलच्या अक्षाभोवती फिरतं. हेड अक्षापासून थोडं बाजूला बसलं, तरी भोक स्पिंडलच्याच सेंटरवर पडणार. फक्त व्यासाची सुरुवात बदलते, आणि ती तुम्ही डायलने भरून काढता. खरं नुकसान होतं ते हेड खांद्यावर पूर्ण न टेकल्यामुळे. मग सगळा जोर आट्यांवर येतो, कापताना हेड हलतं, चॅटर (थरथर) येतो आणि प्रत्येक पासला माप वेगळं निघतं. ६२०५ बेअरिंगसाठी ५२ मिमीचं एच-७ (टॉलरन्सची एक श्रेणी) भोक करायचं तर तुमच्या हातात शून्यापासून ०.०३० मिमीपर्यंतचीच जागा असते. हलणाऱ्या हेडने ते माप कधी बसेल, कधी नाही. आटे हेडला फक्त ओढून धरतात, त्याला उभं ठेवतो तो खांदा. म्हणून हेड घेताना खांद्याचा फेस आणि हेडची मागची बाजू दोन्ही पुसा, मार्किंग ब्लू लावून एकदा घट्ट करून काढा. निळा रंग गोलाकार सगळीकडे लागला पाहिजे. एकाच बाजूला लागला तर तिथे ठेच लागलेली असते किंवा बर (धातूची वर आलेली धार) असतो. ऑइलस्टोनने अलगद काढा, घासून सपाट करायला जाऊ नका.

बाजारात जोडी मिळालीच नाही तर आर्बर लेथवर करून घेता येतो, आणि मला विचाराल तर शिकाऊ मुलाने एकदा तरी तो स्वतः करावा. टेपर तयार असलेला कोरा आर्बर घ्या. इंचाला ४ आट्यांचा लीडस्क्रू (आटे पाडताना टूल पुढे सरकवणारा स्क्रू) असलेल्या जुन्या लेथवर १८ आटे सरळ निघतात. मेट्रिक लीडस्क्रूवर इंचाचे आटे अचूक काढायला १२७ दातांचं गिअर लागतं, ते गाळ्यात आहे का हे आधी बघा. "जवळपास १.४ पिच लावू" म्हणणाऱ्या टर्नरकडे हे काम देऊ नका. आट्याची खोली साधारण ०.८७ मिमी येते. खांद्याजवळ अंडरकट (आटे संपतात तिथली खाच) घ्यायला विसरू नका, नाहीतर शेवटच्या अर्धवट आट्यावर हेड अडकतं आणि खांद्याला टेकतच नाही. खांदा आणि आटे एकाच सेटिंगमध्ये करा, म्हणजे फेस आट्यांच्या अक्षाला काटकोनात राहतो.

ड्रॉबारच्या टोकाचं थोडक्यात सांगतो. आर-८ हा टेपर अमेरिकेच्या ब्रिजपोर्ट मशीनसोबत रूढ झाला. त्याचा ड्रॉबार मूळ साडेतीन सुती (एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग), म्हणजे ७/१६ इंच आणि इंचाला २० आटे. पण एम-१२ चे आर-८ आर्बरही विकले जातात. टेपरचे दुसरे प्रकार म्हणजे आयएसओ ४० आणि ३०: आयएसओ ४० मध्ये एम-१६ किंवा पाच सुती ११ आटे, आयएसओ ३० मध्ये एम-१२ किंवा चार सुती १३ आटे. भारतात मेट्रिक मापं १९५८ पासून लागू झाली, तरी मुंबईच्या हार्डवेअरच्या दुकानात बोल्ट आजही सुतात मागितला जातो, आणि तिथे चार सुती म्हणून मिळणारा बोल्ट बऱ्याचदा जुन्या ब्रिटिश व्हिटवर्थ मापाचा असतो. त्याला इंचाला १२ आटे आणि ५५ अंशाचा कोन. तो १३ आट्यांत घातला की दोन्ही खराब. पाच सुतीत तर दोघांनाही ११च आटे असतात, फक्त कोन वेगळा, त्यामुळे बोल्ट सुखाने आत जातो आणि धरल्यासारखा वाटतो. ड्रॉबारसाठी असा बोल्ट वापरू नका. त्या एका बोल्टवर अख्खं हेड लटकलेलं असतं.

शेवटी मशीन चालू करण्याआधीचं एक. हे आटे उजवे असतात. स्पिंडल सरळ फिरलं की कापण्याच्या जोराने हेड आणखी घट्ट होतं, उलट फिरलं की सुटतं. बाहेरचा व्यास कापायला काही जण टूल आत वळवून स्पिंडल उलट फिरवतात. आट्याच्या हेडवर हे करायचं असेल, तर हेडला लॉकिंगचा ग्रब स्क्रू आहे आणि तो घट्ट आहे याची खात्री करा. तो नसेल तर हे काम रोटरी टेबलवर किंवा लेथवर घ्या, आणि सुपरवायझरने घाई केली तरी त्याला स्पष्ट सांगा की हे हेड उलटं फिरवता येणार नाही.