मॉडिफाय केलेल्या बुलेटची ऑइल गळती: आधी ब्रीदर, मग पॅकिंग

जुनी कास्ट आयर्न (ओतीव लोखंडी सिलिंडरची) बुलेट घेऊन तिची बॉबर किंवा कॅफे रेसर अशा हौशी ढंगाची गाडी करून घेणाऱ्या नाशिककरांची एक तक्रार ठरलेली असते. टाकीचा रंग, हँडल, सीट, सायलेन्सर सारे मनासारखे झालेले असते, परंतु सकाळी पार्किंगच्या फरशीवर रुपयाएवढा काळा डाग असतोच. मिस्त्री एखादे पॅकिंग बदलून देतो, महिनाभर बरे चालते आणि पुन्हा डाग दिसू लागतो. बुलेट म्हटली की गळणारच, ही समजूत मला मान्य नाही. मॉडिफाय केलेल्या गाडीत गळतीचे मूळ पुष्कळदा त्या मॉडिफिकेशनमध्येच सापडते, आणि पॅकिंग फाटण्यापेक्षा इंजिनचा श्वास कोंडला जाणे हे त्याचे अधिक नेहमीचे कारण असते. म्हणून हाती पाना घेण्यापूर्वी ब्रीदर, म्हणजे इंजिनातील हवा बाहेर सोडणारी नळी व तिचा व्हॉल्व्ह, पाहावा.

या जुन्या ३५० बुलेटचा बोअर (सिलिंडरचा व्यास) ७० मिलिमीटर आणि स्ट्रोक (पिस्टनची वर-खाली धाव) ९० मिलिमीटर असतो. पिस्टन वरून खाली येताना दर खेपेस ३४६ घन सेंटिमीटर जागा व्यापतो आणि तेवढी हवा खालच्या क्रँककेसमध्ये, म्हणजे क्रँक फिरते त्या खोक्यात, दाबली जाते. इंजिन एकाच सिलिंडरचे असल्यामुळे त्याच वेळी वर जाऊन जागा मोकळी करून देणारा दुसरा पिस्टन तेथे नसतो, म्हणून ही हवा ब्रीदरमधूनच बाहेर पडावी लागते. बाहेर गेलेली हवा परत आत येऊ नये यासाठी बदकाच्या चोचीसारखा एक रबरी व्हॉल्व्ह असतो. तो नीट चालत असेल तर क्रँककेसमधील सरासरी दाब बाहेरच्यापेक्षा किंचित कमी राहतो आणि ऑइल आपसूक आत राहते. रबर कडक झाले किंवा नळी चेपली की दाब साठतो आणि इंजिनातील सर्वांत कमकुवत जोडातून ऑइल बाहेर पडते. तो जोड पक्का केला की त्यानंतरचा कमकुवत जोड गळू लागतो, आणि मालकाला वाटते की मिस्त्रीच्या हाताला यश नाही.

माझ्या एका परिचितांच्या गाडीत नेमके हेच झाले होते. रॉकर कव्हरचे, म्हणजे इंजिनच्या माथ्यावरील झाकणाचे, पॅकिंग तीनदा बदलूनही पुढच्या रॉकर कव्हरखालून ऑइल येत होते. सीट काढून पाहिले तेव्हा दिसले की गाडी बांधणाऱ्याने ब्रीदरची नळी नव्या स्प्रिंग सीटच्या पट्टीखालून दुमडून नेली होती आणि ती दिसू नये म्हणून प्लॅस्टिकच्या टायने फ्रेमला आवळून टाकली होती. टाय कापला तेव्हा नळीवर अंगठ्याच्या नखाने दाबल्यासारखी खोल घडी पडलेली होती. नवी नळी मोकळ्या वळणाने नेली, तिसऱ्यांदा बसवलेले तेच पॅकिंग तसेच ठेवले, आणि गळती थांबली.

ब्रीदर तपासण्यासाठी गाडी दहा मिनिटे चालवून इंजिन गरम करावे, स्टँडवर लावून मंद गतीवर ठेवावे आणि नळीच्या मोकळ्या टोकावर बोट हलकेच धरावे. बोटाला थांबून थांबून बाहेर येणारे फुंकर जाणवले पाहिजेत, ओढ जाणवता कामा नये. ओढ जाणवली तर व्हॉल्व्ह निकामी आहे; तो स्वस्त असतो, बदलून टाकावा. फुंकर न थांबता जोराने येत असेल आणि सोबत निळसर धूर असेल, तर पिस्टनच्या रिंगा झिजलेल्या आहेत, आणि मग पॅकिंगवर खर्च करण्याआधी कॉम्प्रेशन तपासून घ्यावे. नळीच्या मार्गात मूळ मापापेक्षा लहान छिद्राचा जोड नसावा, आणि ती खाली लोंबून पुन्हा वर चढू नये, कारण त्या खोलगट भागात ऑइल व पाणी साचून नळी बंद होते. नळीच्या टोकाला ऑइल साठवण्याची सुबक बाटली लावण्याची सध्या पद्धत आहे. तिला हवा जायला वेगळे छिद्र नसेल तर ती ब्रीदरला मारलेले बूच ठरते, आणि असे बूच मी एकाहून अधिक गाड्यांत पाहिले आहे. नळीचे तोंड मागच्या टायरकडे तर मुळीच नसावे.

दुसरे कारण गाडी उभी राहण्यातून येते. या इंजिनात ऑइलची टाकी क्रँककेसच्याच ओतीव भागात असते, पण क्रँक फिरते तो कप्पा वेगळा असतो. मॉडिफाय केलेली गाडी बहुधा रविवारीच बाहेर निघते. ती दोन-तीन आठवडे उभी राहिली की टाकीतील ऑइल पंपातून हळूहळू झिरपत क्रँकच्या कप्प्यात उतरते. डिपस्टिकवर पातळी कमी दिसते, मालक वरून अर्धा लिटर ओततो, आणि गाडी सुरू केल्यावर हे सगळे जास्तीचे ऑइल ब्रीदरवाटे बाहेर फेकले जाते. ही गळती नव्हे, परंतु हिच्यामुळे इंजिन उघडलेली माणसे मला माहीत आहेत. पातळी नेहमी इंजिन काही मिनिटे चालवून बंद केल्यावर पाहावी. गाडी महिनाभर उभी असेल तर सुरू करण्याआधी क्रँकच्या कप्प्याचा खालचा ड्रेन प्लग उघडून किती ऑइल निघते ते बघावे, आणि निघालेले स्वच्छ ऑइल टाकीत परत घालावे.

या दोन्ही शंका फिटल्यावरच गळतीची जागा शोधायला बसावे. ओले दिसते तेथे गळते असे क्वचितच असते. ऑइल उताराने खाली येते, चालत्या गाडीवर वाऱ्याने मागे जाते, आणि सिलिंडरवरील थंडाव्याच्या पट्ट्यांच्या खाचांतून वाट काढत शेवटी सेंटर स्टँडच्या पायावरून टपकते. त्यामुळे सर्वांत वरचा आणि सर्वांत पुढचा ओला बिंदू शोधायचा असतो. इंजिन पूर्ण थंड असताना रॉकेल किंवा डिग्रीजर आणि जुन्या ब्रशने सर्व जोड धुवावेत. पेट्रोल वापरू नये, आणि ब्रेक व वायरिंगवर काही उडणार नाही अशी चिंध्यांनी झाकाझाक करावी. सुती फडक्याने पुसून पूर्ण कोरडे झाल्यावर जोडांवर टाल्कम पावडरचा पातळ थर द्यावा. ऑइल जेथून निघते तेथे पावडरीत आधी टाचणीच्या डोक्याएवढा पिवळसर ठिपका उमटतो आणि मग त्याची खाली रेघ होते. ती रेघ सुरू होते ते वरचे टोक आपल्याला हवे असते.

चाचणीसाठी कोरडा दिवस निवडावा. मी त्र्यंबक रस्ता पसंत करतो, कारण सातपूर ओलांडल्यावर वाहतूक विरळ होते आणि एका गतीने गाडी चालवता येते. महिरावणीला एकदा आणि अंजनेरी फाट्यावर दुसऱ्यांदा थांबून बॅटरीच्या उजेडात पावडर तपासावी. वीस किलोमीटर सलग चालवून मग पाहिले तर वाऱ्याने सगळे पसरलेले असते आणि धुण्याची मेहनत वाया जाते. ऑइल कोणते, हेही नाकाने आणि बोटाने ठरवावे: इंजिन ऑइल काळपट असते, तर गिअरबॉक्सच्या ईपी-९० ऑइलला गंधकाचा उग्र वास येतो. मागच्या रिमवर चिकट काळे ठिपके असतील तर ते चेनच्या वंगणाचे असतात.

आता नेहमीच्या जागा. सिलिंडरच्या उजव्या अंगाचे टॅपेट कव्हर एकाच नटावर बसते. ते गळू लागले की माणूस तो नट आणखी आवळतो, कव्हर मधोमध दबते, कडा उचलल्या जातात आणि गळती वाढते. डाव्या बाजूच्या प्रायमरी कव्हरचीही (क्लच आणि त्याच्या चेनवरील झाकणाचीही) तीच गोष्ट आहे, कारण तेही मधल्या एका नटावर आणि रबरी रिंगवर असते; ते आवळण्याऐवजी रिंग बदलावी. प्रायमरीतील पातळी आपोआप वाढत असेल तर क्रँकची डाव्या बाजूची ऑइल सील गेली आहे असे समजावे, कारण इंजिनमधील ऑइल तिकडे ढकलले जात असते. रॉकरकडे जाणाऱ्या बाहेरच्या ऑइल पाइपच्या बोल्टखाली तांब्याचे वायसर असतात. वापरलेले वायसर कडक झालेले असतात. नवे मिळाले नाहीत तर जुने गॅसच्या ज्योतीवर लालबुंद करून पाण्यात टाकावेत, म्हणजे तांबे पुन्हा मऊ होते. उजव्या बाजूचे टायमिंग कव्हर उघडले तर क्रँकच्या टोकावरील छोटी कॉर्क सील न विसरता नवी घालावी, कारण बिग एंडचे (कनेक्टिंग रॉडच्या खालच्या बेअरिंगचे) ऑइल तेथूनच जाते आणि ती वाचवलेली सील पुढे कनेक्टिंग रॉडच्या खर्चाच्या रूपाने वसूल होते. ऑइल पंप फिरवणाऱ्या वर्म गिअरचा नट उलट्या आट्यांचा आहे, हे तो तुटण्याआधी लक्षात ठेवलेले बरे.

मॉडिफाय केलेल्या गाडीचा खास रोग मात्र कव्हरच्या पृष्ठभागांत असतो. चकाकी आणण्यासाठी कव्हर बफिंगला दिले की कडा गोल होतात, आणि पावडर कोटिंगला दिले की पॅकिंगच्या जागेवर रंगाचा थर बसतो. तो थर गरम होऊन दबतो, बोल्ट सैल पडतात आणि ऑइल झिरपू लागते. पॅकिंगची जागा रंगविरहित धातूचीच हवी. जाड सपाट काचेवर ४०० नंबरचा वॉटर पेपर ठेवून, पाणी किंवा थोडे रॉकेल टाकून, कव्हर इंग्रजी आठच्या आकड्यासारखे फिरवत घासावे. थोड्या वेळाने उलटे करून पाहिले की उंच भाग चकाकतात आणि खोल भाग काळे राहतात. सगळा काठ सारखा दिसेपर्यंत घासावे. वाक फार असेल तर हाताने झगडू नये, अंबड किंवा सातपूरच्या औद्योगिक वसाहतीत एखाद्या मशीन शॉपमधून सरफेस ग्राइंडिंग करून घ्यावे. क्रँककेसच्या बाजूचा पृष्ठभाग मात्र ब्लेड आडवे धरून हलकेच खरवडावा, ॲल्युमिनियमवर पेचकस चालवू नये.

मूळ स्क्रू काढून स्टीलचे ॲलन बोल्ट घालण्याची हौसही महागात पडते. बोल्ट दोन मिलिमीटर जरी लांब असला तरी तो बंद छिद्राच्या तळाला टेकतो. हाताला घट्ट लागतो, पण कव्हर दाबलेलेच नसते. नवा बोल्ट पॅकिंगशिवाय हाताने घालून पाहावा आणि त्याचे डोके कव्हरला टेकते की नाही याची खात्री करावी. ॲल्युमिनियममधील सहा मिलिमीटरच्या बोल्टला ८ ते १० न्यूटन-मीटर पुरेसे असतात. आटे गेलेले असतील तर हेलिकॉइल, म्हणजे नवे आटे देणारी तारेची गुंडाळी, बसवावी. सिलिकॉन भरून बोल्ट चिकटवणे ही दुरुस्ती नव्हे. सिलिकॉन लावायचेच असेल तर कागदी पॅकिंगवर जेमतेम ओलसर दिसेल इतके लावावे, कारण जाड लावलेले सिलिकॉन आतल्या बाजूला शेवयांसारखे लोंबते आणि सुटून ऑइलच्या वाटेत अडकते. बोल्ट समोरासमोरचे जोडीने आणि दोन-तीन फेऱ्यांत आवळावेत.

काम झाल्यावर पुन्हा धुऊन, पावडर टाकून त्याच रस्त्याने त्र्यंबकेश्वरपर्यंत जाऊन यावे. जाऊन-येऊन साधारण ५५ ते ६० किलोमीटर होतात. रात्रभर थंड झाल्यावर दुसऱ्या दिवशी रॉकर कव्हर आणि नवे पॅकिंग घातलेल्या प्रत्येक जागेचे बोल्ट एकदा परत तपासावेत, कारण कागदी पॅकिंग पहिल्या गरम-थंड फेऱ्यात थोडे बसते. गाडीखाली वर्तमानपत्र पसरून पुढचे टायर नेमके कोठे येते त्याची पेनाने खूण करावी, म्हणजे डाग पडलाच तर तो इंजिनच्या कोणत्या भागाखाली पडला हे मोजून सांगता येते. सलग तीन सकाळी कागद कोरडा राहिला की मगच सीट आणि साइड पॅनल बसवावेत.