उन्हाळ्यात घरची बिअर आंबवताना या चुका टाळा

ह्यूस्टन किंवा फिनिक्समध्ये जून-जुलैत घरी केलेली बिअर बिघडली की दोष माल्टला (मोड आणून वाळवलेलं धान्य) नाहीतर हॉप्सला (कडवटपणा देणारी फुलं) दिला जातो. बहुतेक वेळा बिघाड पहिल्या तीन दिवसांतल्या तापमानाचा असतो. (अमेरिकेत घरापुरती बिअर बनवता येते. महाराष्ट्रात परवान्याशिवाय मद्य तयार करणं गुन्हा आहे, त्यामुळे गावाकडे हा प्रयोग नको.)

खोलीचं तापमान म्हणजेच बिअरचं तापमान असं धरून चालणं. सगळ्यात जास्त नुकसान याच चुकीने होतं. साखर खाताना यीस्ट स्वतः उष्णता सोडतं. ऐन भरात २० लिटरचा फर्मेंटर (आंबवण्याचं भांडं) खोलीपेक्षा ३ ते ५ अंश सेल्सिअस गरम असतो. एसी २४ वर असेल, तर आत २७-२९ चाललेलं असतं. एल प्रकारच्या बिअरच्या नेहमीच्या यीस्टला १८ ते २० अंश मानवतात. त्याच्या फार वर गेलं की फ्यूजल अल्कोहोल (जड, उग्र अल्कोहोल) तयार होतात: नेलपॉलिश रिमूव्हरसारखा वास, घशाला चटका. बाटल्या महिनोन्महिने ठेवल्या तरी तो चटका सहसा जात नाही. म्हणून सेन्सर फर्मेंटरच्या बाहेरच्या बाजूला, द्रवाच्या मध्यापर्यंतच्या उंचीवर टेपने चिकटवा आणि त्यावर बबल रॅपच्या दोन-तीन घड्या लावा. फ्रिजला तापमानाचा कंट्रोलर जोडला असेल तर चालू आणि बंद होण्याच्या तापमानातला फरक ०.५ ते १ अंश ठेवा आणि कॉम्प्रेसर पुन्हा सुरू होण्याआधी किमान ३ मिनिटांची सवड द्या. सेन्सर नुसता हवेत लोंबत ठेवला, तर फ्रिज सारखा चालू-बंद होतो आणि बिअर गरमच राहते.

वर्ट (आंबवण्याआधीचा माल्टचा गोड काढा) कोमट असतानाच यीस्ट घालणं. उन्हाळ्यात नळाचंच पाणी २८-३० अंशांचं येतं, त्यामुळे तांब्याच्या कॉइलने (वर्टमध्ये बुडवायची, आतून पाणी फिरणारी नळी) वर्ट त्याखाली उतरत नाही. नळाच्या पाण्याने ३५ पर्यंत आणा, मग बादलीत बर्फ-पाणी घेऊन छोट्या पंपाने तेच कॉइलमधून फिरवा. तरी जमलं नाही, तर वर्ट निर्जंतुक केलेल्या फर्मेंटरमध्ये झाकून रात्रभर फ्रिजमध्ये ठेवा आणि १८ वर आल्यावर सकाळी यीस्ट घाला. आधी यीस्ट घालून मग थंड करत बसलात, तर पहिले काही तास गरमीतच जातात.

दमट हवेत ओल्या कापडावर भिस्त ठेवणं. फर्मेंटरला ओला टी-शर्ट घालून पंखा लावायची युक्ती माठाच्याच तत्त्वावर चालते, म्हणून कोरडी हवा लागते. ३५ अंश आणि २० टक्के आर्द्रता असेल तर ओलं कापड १९ अंशांच्या आसपास उतरू शकतं. आर्द्रता ७० टक्के झाली की ३० च्या खाली जाणं अशक्य. फिनिक्सला जूनमध्ये ही युक्ती उत्तम चालते, जुलैत तिथला पावसाळा सुरू झाला की ढेपाळते. ह्यूस्टनला तर उन्हाळ्यात तिचा विचारच सोडा.

तिथे फर्मेंटर पाण्याच्या टबात ठेवणं बरं. २० लिटर बिअरभोवती २० लिटर पाणी असेल, तर एक लिटर गोठवलेल्या पाण्याची बाटली सगळं मिळून सुमारे अडीच अंश उतरवते. बाटली गोठवताना वर दहा टक्के जागा सोडा. सकाळ-संध्याकाळ बाटल्या बदला, पण तापमान पाहून. एकदम चार बाटल्या टाकून बिअर २६ वरून १६ वर आणली, तर यीस्ट तळाशी बसतं आणि आंबणं अर्धवट थांबतं. बिअर आधीच तापली असेल तर काही तासांत एक-दोन अंश, एवढ्याच वेगाने उतरवा.

शेवटपर्यंत थंडच ठेवणं. चौथ्या-पाचव्या दिवशी जोर ओसरला की २१-२२ पर्यंत चढू द्या. नाहीतर यीस्ट डायअॅसिटिल (आंबताना तयार होणारं लोण्याच्या वासाचं द्रव्य) साफ करत नाही आणि बिअरला लोण्याचा वास राहतो. हायड्रोमीटरचा (द्रवाची घनता मोजणारं साधन) आकडा लागोपाठ तीन दिवस तोच येईपर्यंत बाटल्या भरू नका. थांबलेलं आंबणं बाटलीत पुन्हा सुरू झालं तर काच फुटते.

थंड करताना आतली हवा आकसते आणि एअरलॉकमधलं (झाकणावरची, वायू बाहेर सोडणारी पाण्याची नळी) पाणी आत ओढलं जातं. त्यात नळाच्या पाण्याऐवजी सॅनिटायझर किंवा व्होडका भरा.

थंड करायची सोयच नसेल तर यीस्ट बदला. नॉर्वेचं वॉस क्वाइक हे पारंपरिक यीस्ट ३५ ते ४० अंशांत खुशाल काम करतं आणि संत्र्यासारखा हलका वास देतं. पेल एलला ते चालतं. स्वच्छ चवीची पिल्सनर (थंडीत आंबवायची फिकट बिअर) हवी असेल तर फ्रिजच लागेल.