बीबीसी मायक्रोचा सप्लाय धूर सोडतो तेव्हा

एकॉर्न कंपनीचा बीबीसी मायक्रो हा संगणक डिसेंबर १९८१ मध्ये ब्रिटनमध्ये बाजारात आला. १९८४ मध्ये सुरू झालेल्या ‘क्लास’ या संगणक-शिक्षण प्रकल्पातून तो आपल्याकडच्या शाळांतही पोहोचला. कुठल्या अडगळीत तो तुमच्या हाती लागला, तर ‘चालतो का बघू’ म्हणून लगेच प्लग लावू नका. वीसेक मिनिटं मशीन उत्तम चालतं, मग फटींतून दाट धूर येतो, आणि गंमत म्हणजे पडद्यावर कर्सर लुकलुकतच असतो.

धूर येतो तो सप्लायमधून, म्हणजे घरची वीज संगणकाला लागेल तशी करून देणाऱ्या डब्यातून. धूर सोडणारा भाग बहुतेक वेळा एकच असतो: मेन्सच्या (घरच्या विजेच्या) दोन तारांमध्ये बसवलेला, पारदर्शक पिवळसर आवरणाचा, रिफा कंपनीचा कपॅसिटर (वीज साठवणारा छोटा भाग). आत धातूचा थर दिलेला कागद असतो. वर्षानुवर्षांत आवरणाला बारीक भेगा पडतात, दमट हवा आत शिरते, कागद ओल धरतो. कोकणातल्या हवेत काय होत असेल ते सांगायला नको. या कपॅसिटरचं काम फक्त विजेतला गोंगाट गाळण्याचं, म्हणून तो जळला तरी संगणक चालू राहतो. धूर म्हणजे मशीन मेलं असं नाही.

आता कामाला लागू. प्लग काढा. मागचे दोन आणि खालचे दोन स्क्रू काढले की झाकण निघतं. सप्लायच्या जाड तारा बोर्डावरच्या चपट्या पिनांत खोचलेल्या असतात: तीन लाल (+५ व्होल्ट), तीन काळ्या (शून्य), एक जांभळी (-५ व्होल्ट, सीरियल पोर्टसाठी). आधी फोटो काढा. मग तार न ओढता टोकाचा लग (धातूची खोबण) धरून एकेक सोडवा. सप्लायचा डबा तळाच्या तीन स्क्रूंवर असतो.

डबा उघडल्यावर घाई नको. २३० व्होल्ट एसीचे आतल्या मोठ्या कपॅसिटरवर सुमारे ३२५ व्होल्ट डीसी होतात, आणि प्लग काढल्यावरही ते काही काळ टिकून राहू शकतात. मल्टीमीटरने मोजा. व्होल्टेज उरलं असेल तर १० किलोओहम, ५ वॅटचा रेझिस्टर इन्सुलेटेड क्लिपांनी काही सेकंद जोडून ठेवा आणि पुन्हा मोजा. स्क्रूड्रायव्हरने शॉर्ट करायची मर्दुमकी करू नका.

ॲस्टेक कंपनीच्या सप्लायमध्ये तीन कपॅसिटर डोळे झाकून बदलावेत: १०० आणि १० नॅनोफॅरॅडचे मेन्सवरचे दोन, आणि ‘सी-९’ क्रमांकाचा २२० मायक्रोफॅरॅड, १० व्होल्टचा इलेक्ट्रोलाइटिक. मेन्सवरचे दोन्ही ‘एक्स-२’ दर्जाचेच, म्हणजे मेन्सच्या तारांमध्ये बसवण्यासाठीच बनवलेले, घ्या. व्होल्टेज जुळतंय म्हणून साधा कपॅसिटर लावणं म्हणजे आगीला आमंत्रण. सी-९ दुबळा झाला की सप्लाय सुरूच होत नाही, किंवा चार वेळा बटण दाबल्यावर होतो. डाग देताना त्याची धन-ऋण बाजू पाहा.

फ्यूज काळा पडून उडाला असेल, तर नुसता फ्यूज बदलून उपयोग नाही. ब्रिज रेक्टिफायर (एसीचं डीसी करणारा भाग) किंवा स्विचिंग ट्रान्झिस्टर (ते डीसी वेगाने चालू-बंद करणारा) शॉर्ट झालाय का ते आधी तपासा.

आता चाचणी, पण संगणकाच्या बोर्डावर नाही. लाल आणि काळ्या तारांमध्ये गाडीच्या ब्रेकलाइटचा १२ व्होल्ट, २१ वॅटचा दिवा लावा. ५ व्होल्टवर तो साधारण एक अँपिअर घेतो. असा काही भार जोडल्याशिवाय हे सप्लाय धड चालत नाहीत, नुसते टकटक करतात, आणि चांगला सप्लाय बिघडलेला ठरतो. डब्याचं झाकण लावा, मेन्सच्या बाजूला १०० वॅटच्या जुन्या पिवळ्या बल्बचा सिरीज बोर्ड (सप्लायकडे जाणारी वीज बल्बातूनच जाईल अशी जोडणी) जोडा आणि बटण दाबा. सिरीजचा बल्ब क्षणभर उजळून मंद झाला तर ठीक. झगझगीत पेटून राहिला तर लगेच बंद करा, आत अजून शॉर्ट आहे.

मंद झाला तर सिरीज बोर्ड काढून थेट मेन्सवर मोजा. ४.७५ ते ५.२५ व्होल्ट मिळायला हवेत. तिन्ही लाल तारा आणि जांभळी वेगवेगळ्या मोजा.

दिव्यावर सप्लाय स्थिर, पण बोर्ड जोडताच टकटक सुरू होत असेल, तर दोष बोर्डावरच्या शॉर्टचा. जोडल्यावर आधी खालच्या आणि मग वरच्या सुरात ‘बू-बीप’ ऐकू आलं, तर झाकण लावायला हरकत नाही. खालचाच सूर लांबत राहिला, तर मात्र सप्लाय सोडा आणि बोर्डाकडे वळा.