कॉम्प्युटर बिघडला की लगेच फॉर्मॅट? या चुका टाळा

सुरुवात फॉर्मॅटपासूनच करतो, कारण माझं डोकं सगळ्यात जास्त त्यानेच फिरतं. पीसी स्लो झाला, फॉर्मॅट मार. प्रिंटर ऐकत नाही, फॉर्मॅट मार. साइट उघडत नाही, व्हायरस असेल, फॉर्मॅट मार. काय बिघडलंय ते पाच मिनिटं बघायला कोणाला वेळ नाही, पण नंतर पुसलेले फोटो परत मिळवायला अख्खा रविवार असतो, आणि तो रविवार माझा असतो.

आमच्या परळच्या बिल्डिंगमधल्या एका काकूंची गोष्ट सांगतो. गणपतीला कोकणात गेल्या, जाताना मेन स्विच बंद करून गेल्या, जे बरोबरच आहे. परत आल्यावर बघतात तर बँकेची साइट उघडत नाही, जीमेल उघडत नाही, लाल त्रिकोण आणि कनेक्शन सुरक्षित नाही वगैरे इंग्रजी धमकी. भाच्याने बघितलं आणि डॉक्टरसारखं जाहीर केलं, व्हायरस. स्टेशनजवळच्या एका दुकानात डबा गेला, त्यांनी काही न विचारता सी ड्राइव्ह उडवून नवीन विंडोज टाकलं, तारीख हाताने सेट केली आणि पैसे घेतले. डेस्कटॉपवर मुलीच्या लग्नाचे सगळे फोटो होते, ते गेले. दिवाळीत काकू परत गावी, परत मेन स्विच बंद, परत आल्यावर तोच लाल त्रिकोण. तेव्हा मला हाक आली, "अरे बघ ना, तो व्हायरस परत आलाय."

व्हायरस कसला, उजव्या कोपऱ्यातलं घड्याळ बघितलं तर कॉम्प्युटर कित्येक वर्षं मागे जाऊन बसला होता! प्रत्येक सुरक्षित साइटच्या सर्टिफिकेटला कुठल्या तारखेपासून कुठल्या तारखेपर्यंत चालेल याची मुदत असते, आणि तुमच्या मशीनची तारीख त्या मुदतीच्या बाहेर असली की ब्राउझर दार बंद करतो. क्रोम तर बऱ्याचदा सरळ सांगतो की तुमचं घड्याळ मागे आहे, पण वाचतो कोण.

हे होतं मदरबोर्डवरच्या छोट्या सेलमुळे. सीआर २०३२, ३ व्होल्टचा, मोठ्या बटणाएवढा. भिंतीवरचा स्विच चालू असेपर्यंत एसएमपीएस (कॅबिनेटमधला वीज देणारा डबा) मदरबोर्डला थोडी वीज देत राहतो, पीसी बंद असला तरी, म्हणून घड्याळ चालतं आणि सेल मेलाय हे कळतच नाही. स्विच बंद झाला की सगळा भार त्या सेलवर. म्हणून हे दुखणं गावाहून आल्यावरच दिसतं. आणि फरक काही वर्षांचा असला की विंडोज तारीख आपोआप सुधारेलच असं धरून चालू नका, हाताने करा.

तर साइट उघडत नसेल तर आधी तारीख बघा. तारीख नीट केल्यावर साइट उघडल्या, आणि रात्रभर स्विच बंद ठेवल्यावर सकाळी तारीख परत मागे गेली, तर सेल बदला, बाकी कशाला हात लावू नका. बदलायच्या आधी बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्याही आधी येणाऱ्या मदरबोर्डच्या सेटिंग्जमध्ये जाऊन (चालू करताना डिलीट किंवा एफ टू दाबत राहायचं) प्रत्येक पानाचा मोबाइलवर फोटो काढतो मी, कारण सेल काढला की सेटिंग्ज मूळ पदावर जाऊ शकतात आणि हार्ड डिस्कचा मोड बदलला तर विंडोज चालूच होत नाही, मग पुन्हा कोणीतरी म्हणणार, फॉर्मॅट मार. प्लग काढा, पॉवर बटण एकदा दाबून उरलेला करंट जाऊ द्या, सेलची अक्षरं असलेली बाजू वर ठेवून नवीन बसवा. झालं.

फोटोंचं काय? डिस्क जुनी फिरती होती म्हणून फोटोरेक नावाच्या फुकटच्या प्रोग्रामने बरेच परत आले, पण नावं नाहीत, फोल्डर नाहीत, हळद, वरात आणि कोणाच्या तरी बारशाचे फोटो सगळे एकत्र, आणि व्हिडिओ तर बहुतेक अर्धवट. एसएसडी असती तर तेवढंही मिळणं मुश्किल, कारण पुसलेली जागा ती स्वतःच रिकामी करून टाकते. फॉर्मॅट खरंच करायचाच असेल तर आधी डेटा दुसरीकडे घ्या, आणि डेटा म्हणजे फक्त डी ड्राइव्ह नव्हे! डेस्कटॉप, डाउनलोड्स, डॉक्युमेंट्स हे सगळं सहसा सी मध्येच असतं. दुकानदार मंडळींनो, टॅलीचं फोल्डर कुठे आहे ते आज बघून ठेवा.

आणि हो, स्लो झालाय म्हणून येणाऱ्यांना मी पहिलं रीस्टार्ट करायला लावतो. रोज शट डाउन करतो की, असं म्हणतात. पण विंडोजमध्ये फास्ट स्टार्टअप चालू असेल तर शट डाउनने सिस्टम पूर्ण नव्याने सुरू होत नाही, आतला बराच भाग डिस्कवर जपून ठेवून तोच परत उचलते. रीस्टार्टने मात्र सगळं नव्याने सुरू होतं. उलटं वाटतं, पण असंच आहे.

दुसरा माझा आवडता विषय म्हणजे पावसात भिजलेला लॅपटॉप. लोकलमधून उतरून घरी येईपर्यंत बॅग भिजते, लॅपटॉप बाहेर काढला की पहिलं काम काय, तर चालू होतोय का बघणं. अरे नका ना! पाण्याने लगेच मरतोच असं नाही, पाणी असताना वीज सोडली की मरतो. चालू असेल तर पॉवर बटण दाबून धरून बंद करा, चार्जर काढा, जे काही लावलंय ते काढा, उघडून तंबूसारखा उलटा ठेवा, कीबोर्ड खाली. तांदळाच्या डब्यात ठेवू नका, तांदूळ आतलं पाणी काही ओढत नाही, उलट त्याची भुकटी पोर्टात जाते. हेअर ड्रायर तर अजिबात नको, गरम हवेने प्लास्टिक वाकतं आणि पाणी आणखी आत ढकललं जातं. जुलैत आपले टॉवेल दोन दिवस वाळत नाहीत, तिथे मदरबोर्डवरच्या चिपखालचं पाणी पंख्याखाली एका रात्रीत कसं वाळेल? लवकरात लवकर कोणाकडून तरी उघडून, बॅटरीची वायर काढून, आयसोप्रोपाइल अल्कोहोलने साफ करून घ्या. "चालू झाला की, आता कशाला" असं म्हणणारे दिवाळीच्या आसपास येतात, तोपर्यंत आत हिरवा गंज चढलेला असतो. चहा सांडला असेल तर हे दुप्पट लागू, साखर चिकटून बसते.

कॅबिनेटला हात लावला की मुंग्या येतात? अर्थिंग नाही. एसएमपीएसच्या आत फिल्टरचे कपॅसिटर असतात, अर्थिंग नसेल तर त्यांच्यातून कॅबिनेटच्या पत्र्यावर थोडा करंट येतो. जुन्या चाळींत वायरिंग दोनच तारांचं असतं, त्यात कोणीतरी टू पिनचं कन्व्हर्टर लावून मोकळा होतो. इलेक्ट्रिशियनला बोलवा. पण सॉकेटमध्येच न्यूट्रलची तार अर्थच्या पिनला जोडून "झालं अर्थिंग" म्हणणारा असेल तर त्याला चहा पाजून परत पाठवा, न्यूट्रल कुठे तुटली तर तुमच्या पत्र्यावर अख्खे २३० व्होल्ट येतील.

एक्स्टेंशनला एक्स्टेंशन जोडून त्यावर इस्त्री लावू नका. यावर जास्त बोलत नाही.

ग्राफिक्स कार्ड घेतलं, गेम तरी अडकतो, कार्डच खराब आलंय, असं म्हणत पोरं लॅमिंग्टन रोडच्या कॉम्प्युटर बाजारात भांडायला निघतात, आणि मॉनिटरची केबल मदरबोर्डच्या पोर्टात असते. मागे वाकून बघा, केबल कार्डात लावा.

वायफाय स्लो, आणि राउटर कुठे तर टीव्हीच्या कपाटात, दार लावून, वर स्टीलचे पेले. काढा बाहेर. उंचावर ठेवा. वायफायच्या २.४ गिगाहर्ट्झ बँडवर आख्ख्या बिल्डिंगची गर्दी असते, जवळच्या खोलीत ५ गिगाहर्ट्झवाला वापरा.

रॅम खोडरबरने घासायची काही जणांना भारीच हौस असते. बहुतेक वेळा काढून नीट परत बसवली तरी काम होतं, घासायची गरज नसते.

ऑनलाइन दोनशे रुपयांत २ टीबीचा पेनड्राइव्ह मिळतो म्हणून फोटोंचा बॅकअप त्यात टाकला, असं कोणी अभिमानाने सांगितलं की मला काय बोलावं कळत नाही. आत जागा फार तर काही जीबी असते, २ टीबी नुसतं दाखवतो. फायली कॉपी झाल्यासारख्या वाटतात, उघडायला गेलं की कळतं. एच२टेस्टडब्ल्यू नावाचा छोटा प्रोग्राम आहे, नवीन ड्राइव्ह भरून वाचून बघतो, वेळ लागतो पण खरं काय ते कळतं. वेळ लागतो म्हणून कोणी करत नाही तो भाग वेगळा.

दोन अँटीव्हायरस एकत्र नको. ड्रायव्हर अपडेटर नावाची सॉफ्टवेअरं तर नकोच नको.

शेवटचं, प्रिंटर किंवा वॉशिंग मशीन बिघडलं की सर्चमध्ये कस्टमर केअर नंबर शोधून पहिला दिसेल तो फिरवू नका, त्यात चोरांनी टाकलेले नंबरही असतात. बिलावरचा किंवा कंपनीच्या साइटवरचाच नंबर घ्या. समोरच्याने स्क्रीन बघायचं ॲप टाकायला सांगितलं, किंवा पाच रुपये भरून नोंदणी करा म्हणाला, की फोन ठेवा. आपल्या घरातल्या आजी-आजोबांना हे आज जेवताना सांगा. आणि पैसे गेलेच तर घरच्यांपासून लपवत बसू नका, लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला फोन लावा आणि बँकेलाही, जितकं लवकर कळवाल तितकी रक्कम मध्येच अडवता येण्याची शक्यता जास्त.