लंडन ते झुरिक रेल्वेने कसे जावे

मुंबई-पुण्याहून आई-वडील लंडनला मुलाकडे येतात आणि आता स्वित्झर्लंडही बघून घेऊ, असं ठरतं. त्यासाठी विमानच हवं असं नाही. युरोस्टार लंडनहून पॅरिसला साधारण सव्वादोन तासांत पोचवते आणि तिथून टीजीव्ही लिरिया ही वेगवान गाडी झुरिकला सुमारे चार तासांत. या प्रवासात धावपळ होते ती पॅरिसमध्ये स्टेशन बदलताना, म्हणून सगळी आखणी तिथून करा.

१. आधी व्हिसा. ब्रिटनचा व्हिसा शेंगेन देशांत, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात, चालत नाही. फ्रान्स आणि स्वित्झर्लंडला मात्र एकच शेंगेन व्हिसा पुरतो. अर्ज जिथे जास्त दिवस राहणार त्या देशाकडे करायचा. भारतातून आधी पॅरिसला उतरून, मग लंडन आणि पुन्हा युरोप असा बेत असेल, तर सिंगल एंट्री व्हिसा कामाचा नाही, मल्टिपल एंट्रीच मागा.

२. तिकिटं. लवकर काढाल तेवढी स्वस्त, कारण मागणी वाढते तसं भाडं चढतं. युरोस्टार पॅरिसला गार द्यू नॉर स्टेशनात येते, झुरिकची गाडी गार द लिओंहून सुटते. दोन्हींमध्ये निदान दोन तास ठेवा. तिकिटं वेगवेगळी काढली असतील, तर पहिल्या गाडीच्या उशिरामुळे दुसरी चुकल्यास पुढच्या गाडीत बसवून घेतीलच याची हमी नसते. वेळा स्थानिक असतात आणि पॅरिसचं घड्याळ लंडनच्या एक तास पुढे चालतं, हेही हिशेबात धरा. लिरियाची गाडी दुमजली असते. गुडघे दुखणाऱ्यांसाठी खालच्या मजल्यावरची सीट निवडा.

सुट्या तिकिटांऐवजी रेल्वे पासचा विचार असेल तर भारतात राहणाऱ्या आई-वडिलांना युरेल पास मिळतो, लंडनमध्ये राहणाऱ्या मुलाला इंटररेल. पास असला तरी या दोन्ही गाड्यांचं आरक्षण वेगळे पैसे भरून करावंच लागतं.

३. सामान. युरोस्टारच्या स्टँडर्ड वर्गात ८५ सेंटिमीटरपर्यंतच्या दोन बॅगा आणि एक छोटी हातातली बॅग चालते. विमानासारखी १०० मिलिलिटरची अट नाही, पाण्याची बाटली भरून न्या. पोळी-भाजी जरूर घ्या, पण पेढे आणि पनीर नको. ब्रिटनमधून युरोपीय संघात दुधाचे आणि मांसाचे पदार्थ नेण्यावर बंदी आहे.

४. सेंट पँक्रस. युरोस्टार लंडनच्या याच स्टेशनातून सुटते. गाडीच्या वेळेआधी तास-सव्वा तास पोचा. तिकीट दाखवून गेटमधून आत गेलं की सामानाची तपासणी होते आणि मग फ्रेंच पोलीस पासपोर्ट बघतात. म्हणजे फ्रान्समधला प्रवेश लंडनमध्येच उरकतो आणि पॅरिसला उतरून थेट बाहेर पडता येतं. हॉटेलचं बुकिंग आणि परतीचं तिकीट छापून हाताशी ठेवा, विचारू शकतात. मग १९९४ साली सुरू झालेल्या, सुमारे ५० किलोमीटर लांबीच्या बोगद्यातून गाडी इंग्लिश खाडीखालून पलीकडे निघते.

५. पॅरिसमध्ये बदल. हा टप्पा नीट वाचून ठेवा. गार द्यू नॉरच्या तळघरातून आरईआर डी ही पॅरिसच्या लोकलची (नकाशावर हिरव्या रंगाची) लाइन पकडा. मध्ये फक्त शातले–ले आल, त्यापुढचं स्टेशन गार द लिओं. गर्दीत पाकीट पुढच्या खिशात किंवा अंगालगतच्या पिशवीत ठेवा. मोठ्या बॅगा आणि वयस्कर माणसं सोबत असतील, तर सरळ रांगेतली अधिकृत टॅक्सी करा. पैसे जास्त जातात, पण तिथे काटकसर करू नये असं माझं मत आहे.

गार द लिओंला दोन मोठे हॉल आहेत. पहिल्यातल्या फलाटांना अक्षरं, दुसऱ्यातल्यांना आकडे. फलाट गाडी सुटण्याच्या साधारण २० मिनिटं आधी फलकावर लागतो, त्यामुळे दोन्हींच्या मध्ये थांबा. अक्षर की आकडा, हे बघितलं की कुठल्या हॉलमध्ये वळायचं ते कळतं. गाडीपाशी ‘व्वात्यूर’ म्हणजे डब्याचा नंबर तिकिटाशी ताडून मगच चढा.

६. सीमेवर. फ्रान्स–स्वित्झर्लंड सीमेवर पासपोर्टसाठी रांग नसते. तरी बासेलच्या आसपास कस्टमचे लोक कधीकधी डब्यात येतात, तेव्हा पासपोर्ट वरच्या फळीवरच्या बॅगेत टाकू नका.