हॉटेलातल्या मावशींसाठी रोजचे दोन-तीन डॉलर

बीड, लातूर, नांदेडकडून नोकरीसाठी अमेरिकेत आलेली मुलं पहिले काही दिवस कंपनीने दिलेल्या हॉटेलात काढतात. रेस्टॉरंटात बिलावर १५ ते २० टक्के टीप द्यायची, हे त्यांना निघण्याआधीच कुणीतरी सांगितलेलं असतं. खोली आवरणाऱ्या बाईंचं कुणी सांगत नाही. मलाही नव्हतं सांगितलं.

आपल्याकडे तुळजापूरला किंवा वेरूळला लॉजवर उतरलो, की निघताना पोरगा बॅगा उचलायला येतो आणि आपण चहापाण्याला म्हणून त्याच्या हातावर काहीतरी ठेवतो. इथे निघताना दारात कुणी येत नाही. तुम्ही ऑफिसात असताना पलंग लावून, बाथरूम घासून बाई निघून गेलेल्या असतात. म्हणून पैसे खोलीतच ठेवायचे, आणि रोजच्या रोज. आज आलेल्या बाई उद्या सुट्टीवर असतील. पाच दिवसांचे एकदम शेवटी ठेवले तर चार दिवस राबणारीला काहीच मिळत नाही.

किती ठेवायचे? अमेरिकेतल्या हॉटेलवाल्यांची संघटनाच रात्रीमागे १ ते ५ डॉलर सुचवते. मी एकटा असलो की ३ ठेवतो, लेकरं सोबत असली की ५. वेटरसारखं यांचं पोट टिपेवर नसतं, पगार ठरलेला असतो. त्यामुळे सक्ती नाही. तरी ठेवा. माझ्या गावातून दसऱ्यानंतर कोयते, म्हणजे ऊसतोडीला जाणारी जोडपी, साखर कारखान्याला निघायचे. परमुलखात अंगमेहनत करणाऱ्या बाईचा दिवस कसा जातो, हे आपल्या भागातल्या माणसाला सांगावं लागत नाही. इथे खोल्या आवरणाऱ्या कितीतरी जणी अशाच दुसऱ्या देशांतून आलेल्या आहेत.

आणि चिठ्ठी विसरू नका. पहिल्या आठवड्यात मी टेबलावर ५ ची नोट ठेवून गेलो. संध्याकाळी टेबल लख्ख पुसलेलं, नोट तिथेच. दुसऱ्या दिवशीही तेच. मला वाटलं, कमी पडले. मग कॉरिडॉरमध्ये त्या बाई भेटल्या तेव्हा विचारलं. म्हणाल्या, पाहुण्याच्या पैशाला हात लावला तर माझी नोकरी जाईल. तेव्हापासून मी कागदावर ठळक अक्षरांत ‘हाउसकीपिंग, थँक यू’ असं इंग्रजीत लिहितो, त्यात नोटा गुंडाळतो आणि उशीवर ठेवतो.

सगळीकडे कार्ड चालतं, त्यामुळे खिशात सुट्टे नसतात. रिसेप्शनवर २० ची नोट देऊन एक-एकच्या नोटा मागा, बहुतेक ठिकाणी देतात.

कोविडनंतर बऱ्याच हॉटेलांत मागितल्याशिवाय खोली आवरत नाहीत. ज्या दिवशी आवरली त्या दिवशीचे ठेवा, आणि खोली सोडताना नक्की ठेवा. सगळ्या चादरी काढून नव्या घालायचं काम त्याच दिवशी असतं.