राज्य टेनपिन बॉलिंग स्पर्धेची तयारी: बॅग भरण्यापासून सत्काराच्या शालीपर्यंत

टेनपिन बॉलिंग, म्हणजे लांब पट्ट्यावर (लेनवर) जड बॉल घरंगळत टाकून दहा पिना पाडायचा खेळ, त्याच्या राज्य स्पर्धेला तीन आठवडे राहिलेत आणि निम्मे पालक मला रोज तेच विचारायलेत, सर काय काय घ्यायचं, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतो, नीट वाचा आणि सेव्ह करून ठेवा. यावर्षी मराठवाड्याकडं दोन कामं आहेत, एक पोरांनी खेळायचंय आणि दुसरं म्हणजे शेवटच्या दिवशी जुन्या बॉलर्सचा सत्कार, तो राज्य संघटनेनं आपल्यावर सोपवलाय. दोन्हीची तयारी आजपासूनच.

आधी बॉल. १५ पौंडाचा एक बॉल म्हणजे ६.८ किलो, दोन बॉल आणि बूट टाकले की बॅग पंधरा-सोळा किलोवर जाते, त्यामुळं देवगिरी एक्स्प्रेसमध्ये वरच्या बर्थवर चढवायच्या भानगडीत पडू नका, खालच्या सीटखाली आडवी सारा, चाकं भिंतीकडं. स्पेअरसाठी, म्हणजे पहिल्या बॉलनंतर उरलेल्या पिना दुसऱ्या बॉलनं पाडायला, साधा प्लॅस्टिकचा बॉल प्रत्येकाकडं पाहिजेच, तिथं हयगय नको. हुक मारणारा, म्हणजे जास्त वळणारा बॉल कोपऱ्यातल्या दहाव्या पिनवर फिरवत बसलात तर ती पिन हसत उभी राहते, तिथं सरळ जाणारा बॉलच लागतो. हिशोब बघा, दहाच्या दहा फ्रेमला (फ्रेम म्हणजे एक पाळी) आधी नऊ पिना पाडल्या आणि उरलेली एक दरवेळी उचलली, शेवटच्या जादा बॉललाही नऊ पाडल्या, तर एकही स्ट्राइक (पहिल्याच बॉलला दहाही पिना) न मारता १९० होतात, आणि तीच एक पिन दरवेळी सोडली तर ९०. शंभराचा फरक एका पिनेचा. म्हणून आता राहिलेल्या दिवसांत स्ट्राइकच्या मागं न लागता रोज अर्धा तास फक्त दहावी आणि दुसऱ्या कोपऱ्यातली सातवी पिन मारा.

बॉलमधल्या अंगठ्याच्या भोकात लावायची टेप, छोटी कात्री, मायक्रोफायबरचा टॉवेल, चिकटपट्टी आणि नेलकटर एका वेगळ्या डबीत ठेवा. प्रवासात हात सुजतो, एसी हॉलमध्ये बसला की परत बारीक होतो, म्हणजे सकाळी घट्ट वाटणारं भोक दुपारी ढिलं वाटणार. ढिलं झालं की पोरं बॉल आवळून धरतात आणि तिथंच फोड येतो. तसं करू नका, टेपची एक पट्टी वाढवा, घट्ट झालं की एक काढा.

बुटाचं जीव तोडून सांगतो. सरकणाऱ्या तळव्याचे बूट घालून बाथरूमला किंवा कँटीनला जायचं नाही, जायचंच असेल तर वरून कव्हर चढवायचं. तळव्याला थेंबभर पाणी लागलं की पाय सरकायचा थांबतो आणि अख्खं शरीर पुढं जातं, गुडघा जागेवरच.

लेनवर तेलाचा थर दिलेला असतो. आपण सराव करतो त्या गेमझोनच्या लेनवर मधे तेल जास्त आणि कडेला कमी, त्यामुळं थोडा बाहेर गेलेला बॉलसुद्धा आपोआप आत येतो आणि आपल्याला वाटतं आपण लै भारी टाकलो. स्पर्धेत तेल जास्त सपाट पसरलेलं असतं, तिथं बाहेर गेलेला बॉल बाहेरच राहतो. पॅटर्नचा, म्हणजे तेल कसं पसरलंय त्याचा कागद मिळाला की पहिलं तेलाची फुटातली लांबी बघा आणि त्यातून ३१ वजा करा, ४० फुटाचं तेल असेल तर बॉल कडेपासून लेनच्या नवव्या फळीच्या आसपास वळायला पाहिजे. हा फक्त सुरुवातीचा अंदाज आहे, दोन गेम झाले की सगळ्यांच्या बॉलनं तेल सरकतं, मग उजव्या हाताच्या पोरांनी पाय हळूहळू डावीकडं न्यायचे. माझ्याकडं न बघता न्यायचे.

कागद म्हणजे आधार, वयोगटासाठी जन्मदाखला, दोन फोटो, फी भरल्याची पावती, सगळ्याच्या दोन-दोन झेरॉक्स. खायला धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी न्या, पोटाला तेच बरं, पण खाल्ल्यावर हात साबणानं धुवा, बोटाला तेल राहिलं की बॉल हातातून लवकर सुटतो.

आता सत्कार. मागच्या वेळी एका कार्यक्रमात मी होतो, बक्षिसं वाटून झाल्यावर सत्कार ठेवला आणि तोपर्यंत अर्धा हॉल रिकामा, लोकांच्या गाड्या होत्या. ज्यांनी पंचवीस-तीस वर्षं या खेळाला दिली त्यांच्यासमोर रिकाम्या खुर्च्या. यावर्षी फायनलच्या आधी घ्यायचा, सगळे खेळाडू हजर असतात तेव्हा, आणि मानपत्र वाचताना लेनच्या मशीन बंद ठेवायला आधीच सांगून ठेवा, पिना पडायचा आवाज चालू असला की मागच्याला एक शब्द कळत नाही.

मानपत्र दोन मिनिटांचं, त्यात "थोर" आणि "महान" कमी आणि त्यांनी काय केलं ते जास्त. कोणती स्पर्धा, कोणतं साल, किती स्कोअर, हे संघटनेच्या रजिस्टरमधून घ्या आणि घरच्यांना फोनवर वाचून दाखवा, नाव आणि वडिलांचं नाव अक्षरानं अक्षर. फ्लेक्सवर चित्र तपासल्याशिवाय पैसे देऊ नका, बॉलर म्हटलं की क्रिकेटचा लाल चेंडू छापून येतो, एकदा आलेला आहे आणि ऐनवेळी आम्ही त्यावर कागद चिकटवला. निवेदन करणाऱ्यानं सुरुवातीला दोन वाक्यं खेळाबद्दल बोलावीत, की १९७८ ला हा आशियाई स्पर्धेत पहिल्यांदा खेळला गेला, १९९८ ला क्वालालंपूरच्या राष्ट्रकुलमध्ये होता, आणि तामिळनाडूचा शब्बीर धनकोट कितीदा राष्ट्रीय विजेता झालाय. आलेल्या कित्येक पालकांसाठी हा अजून वाढदिवसाच्या पार्टीचा खेळ आहे, त्यांनी हे ऐकलं पाहिजे.

शाल आपल्या संभाजीनगरची हिमरूच द्यायची, दुसरी नको. हातमागावरची पाहिजे असेल तर आजच सांगा, विणणारे हात थोडे राहिलेत आणि घाईत मशीनची गळ्यात पडते. श्रीफळ, फेटा, मानचिन्ह ठीक आहे, पण फुलं आणि समई ॲप्रोचपासून (बॉल टाकायला पावलं टाकतो ती जागा) लांब, मागं खुर्च्यांकडं मांडा. ओली पाकळी बुटाखाली चिकटली की तेच होतं जे पाण्यानं होतं, आणि समईचं तेल सांडलं तर फायनलच पुढं ढकलावी लागेल. नारळ फोडायचा असेल तर हॉलच्या दाराबाहेर.

येणाऱ्या ज्येष्ठांना न्यायला-आणायला गाडी, जेवायची वेळ त्यांच्या गोळ्यांप्रमाणे, हाताच्या खुर्च्या, एवढं संध्याकाळी एकानं जबाबदारी घेऊन कळवा.

एक शेवटचं. त्या मागच्या सत्काराला एक काका होते, सत्तरीच्या पुढचे. शाल घेतली, फोटो झाला, आणि माझ्याशी बोलत असताना ते उजव्या अंगठ्याच्या आतल्या बाजूला दुसऱ्या हाताचं बोट फिरवत होते, तिथं जुना घट्टा अजून होता, पिवळसर, कडक. मग हळूच म्हणाले, "एक टाकू का रे?" आम्ही हो म्हणालो आणि पळालो, तर त्यांच्या मापाचे बूट नाहीत, सगळे बाहेर गेलेले, बॉल होते ते पोरांचे, त्यात त्यांचा अंगठा जाईना. काका राहू दे म्हणाले आणि गाडीत जाऊन बसले. म्हणून यावर्षी फायनलचा पहिला बॉल सत्कारमूर्तींनीच टाकायचा, तसं वेळापत्रकात लिहा. आठ आणि दहा पौंडाचे मोठ्या भोकांचे दोन बॉल बाजूला काढून ठेवा, तोल सांभाळायला शेजारी एक मोठा मुलगा उभा करा, आणि आमंत्रणाचा फोन कराल तेव्हाच त्यांच्या बुटाचा नंबर विचारून घ्या.